जुन्या नाण्याला नेमकं काय झालंय?

आजीच्या डब्यातली नाणी खराब दिसतात, पण कशामुळे ते कळत नाही? खिडकीच्या तिरक्या उजेडात भिंगाने पाहा.

१. चांदीच्या रुपयाच्या कडेला राखाडी फुगवटा, शेजारची अक्षरं बुजलेली: डाख देऊन कडी बसवली होती. माळेतलं नाणं.
२. भोकाची कड एका बाजूला उचललेली: खिळा ठोकलाय.
३. शिवराईवर (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) फिकट हिरवी भुकटी, पुसली तरी चार दिवसांत परत, खाली बारीक खड्डे: हा खाऱ्या हवेचा मार. आमच्या किनारपट्टीला हेच जास्त. अशी नाणी वेगळी, अगदी कोरडी ठेवा. गुळगुळीत, घट्ट गडद हिरवा थर मात्र खरवडू नका.

शंका असेल तर सोनाराकडे वजन करा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा.

चिंच, राख अजिबात लावू नका. खुणाच पुसल्या जातात.