उन्हातला फ्लॅश: घरच्या अंगणात पोर्ट्रेट शिकताना

अंगणात भर दुपारी फ्लॅशचा स्टँड उभा केला की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "अगं, एवढं लख्ख ऊन पडलंय, त्यात आणि तुझा लाइट कशाला?" पोर्ट्रेट शिकायला लागलेल्या बहुतेकांच्या मनातही हेच असतं, फक्त ते विचारत नाहीत. फ्लॅश म्हणजे अंधारात लावायची वस्तू, असं लग्नाच्या हॉलमध्ये बघून बघून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मला मात्र घरी फ्लॅश लागतो तो मुख्यतः मागचं अंगण गडद करायला.

आपली अंगणं काही कॅलेंडरवरची नसतात. माणसाच्या मागे कपड्यांची दोरी, काळी पाण्याची टाकी, डिश, शेजाऱ्यांची पत्र्याची शेड असं काय काय असतं. माणूस सावलीत आणि मागे ऊन असेल, तर चेहरा नीट येईल असा कॅमेरा लावल्यावर मागचं सगळं पांढरंफटक होतं. दोघंही सावलीत असतील तर चेहऱ्याइतकीच ती टाकीही स्पष्ट दिसते. फ्लॅश असला की कॅमेऱ्यात येणारा दिवसाचा उजेड एक-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करता येतो, आणि चेहऱ्यापुरता उजेड आपण भरून काढतो. टाकी मागे विरते. या विद्येत एवढंच आहे, बाकी हिशोब.

मी साताऱ्यात राहते आणि पोर्ट्रेट हाच माझा व्यवसाय आहे. स्थळांच्या बायोडाटासाठी फोटो, गायक-वादकांना कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी, लेखकांना मलपृष्ठासाठी, असं काम येतं. स्टुडिओ नाही. अंगण आणि गच्ची आहे. भाड्याच्या स्टुडिओचा विचारही परवडत नाही पण घराला थोडी मोकळी जागा आहे, अशा नवख्यांसाठी हे लिहिते आहे.

फ्लॅश घेण्याआधी आपल्या घराचं ऊन ओळखा. दिशा आणि ऋतू दोन्ही. सातारा साधारण पावणेअठरा अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो, म्हणजे दुपारी बारा वाजताही चेहऱ्यावर बऱ्यापैकी समोरून ऊन येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. "दुपारी फोटो काढूच नयेत" हा नियम मला म्हणूनच अर्धवट वाटतो. कोणत्या महिन्यातली दुपार, ते आधी सांगा.

घराची उत्तरेची बाजू सोन्यासारखी. सप्टेंबर अखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलगत दिवसभर सावली आणि समोर मोकळं आकाश मिळतं. उरलेल्या महिन्यांत त्याच भिंतीवर सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन येतं. तेही वाईट नाही, पण माहीत असायला हवं. आणि ज्याला सगळे 'गोल्डन अवर' म्हणतात, तो आपल्याकडे जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, क्षितिजावर सहा अंश असल्यापासून मावळेपर्यंत त्याला पंचवीसेक मिनिटं लागतात. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून "संध्याकाळी निवांत सुरू करू" म्हणालात, तर स्टँड लावेपर्यंत ऊन गेलेलं असतं. सगळी मांडामांड आणि चाचणी फोटो आधीच उरकून ठेवायचे.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही, ती म्हणजे आपल्या घरांचे रंग. लाल कोब्यावर माणूस उभा केला की हनुवटीखाली तांबूस झाक येते. पावसाळ्यासाठी घातलेले निळे पत्रे गालावर निळसर उतरतात, हिरवळ हिरवी. शहाबादी फरशी करडी असल्यामुळे बिचारी काही करत नाही. कोबा असेल तर माणसाच्या पायाशी, फ्रेमबाहेर, पांढरी चादर अंथरा. रंगाचा प्रश्न सुटतो आणि खालून थोडा मऊ उजेडही मिळतो. चुन्याची पांढरी भिंत हा फुकटचा रिफ्लेक्टर. ती नसेल तर थर्माकोलचा मोठा तुकडा चालतो, मराठी सिनेमा-मालिकांच्या सेटवरही तोच चालत आला आहे.

आता मुख्य काम. फ्लॅशच्या फोटोत दोन एक्स्पोजर एकावर एक बसलेली असतात. दिवसाच्या उजेडावर शटर (सेकंदाचा किती भाग उघडं राहतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफ-चा आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तिन्हींचा ताबा असतो. फ्लॅशचा झटका इतका क्षणिक असतो की ठरावीक वेगाच्या आत शटर किती वेळ उघडं राहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्यावर ॲपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि त्याचं माणसापासूनचं अंतर एवढ्यांचाच ताबा. हे एक वाक्य अंगात मुरलं की निम्मं शिकून झालं, कारण मग शटर हा फक्त मागच्या उजेडाचा नळ होतो.

पहिला सराव भर उन्हात करू नका. माणूस आणि त्याच्यामागचं दृश्य दोन्ही मोकळ्या सावलीत घ्या. फ्लॅश बंद. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००. मोकळ्या सावलीत एफ/४ च्या आसपास फोटो नेहमीसारखा उजळ येईल. आता एफ/५.६ करा. सगळं एक स्टॉप गडद झालं, चेहराही. मागचं जसं हवं तसं दिसतंय का, एवढंच बघा, चेहऱ्याकडे दुर्लक्ष करा. मग फ्लॅश उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्रीत घालून माणसापासून मीटरभर अंतरावर आणा आणि १/१६ ताकदीपासून चढवत चेहरा नीट दिसेपर्यंत न्या. नंतर मागचं जास्तच काळं वाटलं तर शटर १/१०० करा. चेहऱ्यावर फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, मागचं अंगण उघडतं. सावलीतल्या उजेडाचा वाटा चेहऱ्यावरही थोडा वाढतो, पण तो सहसा सुखावह असतो.

हे घरातल्याच माणसांवर करा, आणि फ्लॅशही मॅन्युअलवरच ठेवा. टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो त्या पद्धतीत, मुख्य झटक्याआधी मोजमापासाठी एक छोटा झटका पडतो. त्याला दचकून पापणी मिटणारे लोक असतात, आणि नेमकी आपली आजी त्यांतली निघते. मॅन्युअलमध्ये तो आधीचा झटका नसतो. शिवाय दर फोटोला ताकद बदलत नाही, त्यामुळे आपण काय केलं आणि काय झालं याची सांगड लागते.

भर उन्हात मात्र गणित अंगावर येतं. आयएसओ १०० आणि १/२०० ला उन्हातलं दृश्य बरोबर यायला साधारण एफ/११ लागतो, ते एक स्टॉप गडद करायचं तर एफ/१६. एफ/१६ वर छत्रीतून चेहरा उजळवणं साध्या स्पीडलाइटच्या (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशच्या) आवाक्याबाहेर जातं. स्पीडलाइटमध्ये साधारण ६० ते ७५ वॅट-सेकंद (फ्लॅशची ताकद मोजायचं माप) असतात आणि छत्री त्यातले एक-दोन स्टॉप खाते. मग काही जण म्हणतात, शटर १/२००० करा, हायस्पीड सिंक वापरा. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंकचा वेग, म्हणजे साध्या फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर, १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असतो, त्यापुढे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि फोटोत काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश एका झटक्याऐवजी बारीक झटक्यांची माळ सोडतो. पट्टा जातो, पण ताकद दोन स्टॉप किंवा जास्तच घटते. आधीच कमी पडणाऱ्या स्पीडलाइटला म्हणजे तिथे धाप लागते.

मागचं धूसर करायला एफ/२.८ हवाच असेल, तर लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावून शटर १/२०० वरच ठेवणं मला जास्त पटतं. त्याने फ्लॅशची ताकद वाचत नाही, पण माळेत वायाही जात नाही. २०२३ मध्ये सोनीने ए९-३ आणला, त्यात ग्लोबल शटर, म्हणजे पडद्यांशिवाय सगळी फ्रेम एकाच क्षणी टिपणारं शटर, असल्यामुळे ही भानगडच नाही. पण त्याच्या किमतीत आपलं निम्मं अंगण नव्याने बांधून होईल, तेव्हा तो विषय सोडा.

खरेदी थोडी करा. एक मॅन्युअल स्पीडलाइट, एक ट्रिगर (दूरचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उडवणारा), पांढरी छत्री, स्टँड आणि चांगले रिचार्जेबल सेल. गोडॉक्सचा टीटी६०० सारखा फ्लॅश सुरुवातीला पुष्कळ झाला. काम मिळायला लागलं की २०० वॅट-सेकंदाचा एडी२०० घ्या, तो साधारण दीड स्टॉप जास्त देतो आणि एफ/११ च्या उन्हात तोच दीड स्टॉप कामाला येतो. तोवर उन्हात काम पडलंच तर छत्री काढून उघडा फ्लॅश वापरा, किंवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एका वस्तूवर कंजुषी करू नका: स्टँडवर लटकवायचं वजन. छत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि गच्चीवर तर कठड्याबाहेर जायची भीती. वाळूची पिशवी नसेल तर पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोरीने बांधा. गच्चीवर कठड्याकडेला स्टँड लावायचाच नाही, हा माझ्याकडे नियम आहे, आणि फोटो कितीही सुंदर येणार असला तरी तो मोडत नाही.

उजेड कुठून यावा? जिकडे आकाश जास्त उघडं आहे त्याच बाजूने, डोळ्यांच्या थोडं वरून. चेहऱ्यावर डावीकडून आकाश आणि उजवीकडून फ्लॅश असं झालं की नाकाला दोन सावल्या पडतात आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. संध्याकाळचं ऊन पाठीमागून केसांवर घेत असाल तर फ्लॅश समोरून तिरपा ठेवा, पण रंगाकडे लक्ष द्या. फ्लॅशच्या उजेडाचा रंग साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा, मावळतीचं ऊन त्याहून खूप पिवळं. चेहरा निळसर आणि केस सोनेरी अशी दोन वेगळी माणसं एका फ्रेममध्ये दिसतात. फ्लॅशवर पाव किंवा अर्ध्या सीटीओचं (उजेड नारिंगी करणारं) जिलेटिन लावलं की जमतं. नाटकवाल्यांकडून घेतलेला तुकडाही चालतो, फक्त शाळेच्या हस्तकलेचा पिवळा जिलेटिन कागद नको, त्याने त्वचा हिरवट-पिवळी होते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका.

बायोडाटाच्या फोटोला मुली बहुधा पैठणी आणि नथ घालून येतात. उघडा फ्लॅश जरीवर ठिपक्याठिपक्यांनी चमकतो, मोठी छत्री जवळ आणली की तीच जर सलग झळाळते. नथीच्या मोत्यात छत्रीचा आकार दिसतो, म्हणून छत्री फाटकी नको. जाड पावडर किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये पांढुरकं येतं, तेव्हा फोटोआधी तोंड धुऊन यायला सांगा. चष्मा असेल तर फ्लॅश अजून वर घ्या आणि हनुवटी किंचित खाली. "काका, जरा जमिनीवर काही पडलंय का बघा, आणि मान तशीच ठेवून माझ्याकडे बघा," असं म्हटलं की बरोबर जमतं. 'हनुवटी पंधरा अंश खाली' कुणालाच कळत नाही.

आणि मग येते "थोडी उजळ करा हं" ही फर्माईश, सहसा मुलीच्या आईकडून, हळू आवाजात. एडिटिंगमध्ये सावळ्या मुलीला गोरी करून द्यायला मी नाही म्हणते, आणि ते पैसे ठरवतानाच सांगते. पण त्या आईची अर्धी तक्रार प्रकाशाचीच असते. तिने पाहिलेल्या जुन्या फोटोंमध्ये मागे उन्हातली भिंत पांढरी जळालेली आणि मुलीचा चेहरा त्यापुढे काळवंडलेला असतो. मागचं एक-दीड स्टॉप खाली घेतलं आणि छत्री थोडी वळवून तिच्या मधल्या भागाऐवजी कडेचा उजेड चेहऱ्यावर घेतला, की सावळा रंग सावळाच राहून तजेलदार दिसतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तसा एक फोटो दाखवला की 'उजळ'चा विषय बऱ्याचदा तिथेच संपतो. नाही संपला तर मी दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव सुचवते.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, आणि त्यांचा एक फोटो काढून द्या. परवानगी पुढच्या वर्षीही मिळते.

शिकायला सुरुवात करायची तर मी पावसाळी ढगाळ दिवस सुचवेन. दिवसभर उजेड फारसा हलत नाही, दोन फोटोंमधला फरक तुम्ही केलेल्या बदलाचाच असतो, आणि स्पीडलाइट छत्रीतूनही सहज पुरतो. फक्त सर पडायला लागली की आधी फ्लॅश आत न्या. त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात. छत्री भिजली तरी ती छत्रीच आहे.