आरएसमधून किती घोडे निघतील? आधी हवेचा हिशोब मांडा

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर ताकद वाढवायचं काम करायचं मनात घेतलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये एक यादी हमखास असते. ओपन फिल्टर १०, डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) २०, मोठा एक्झॉस्ट १०, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) ४५. मूळचे १५०, झाले २३५. माझ्या भाच्याची यादी अशीच होती. त्याला म्हटलं, बाळा, हे किराणा दुकानाचं बिल नाही, खाली रेघ मारून बेरीज करायला. प्रत्येक पार्ट विकणारा आपला आकडा बाकीचं सगळं जसंच्या तसं ठेवून सांगतो, आणि सगळे मिळून एकाच टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, जिवावर उधार घेतात.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय काही पटत नाही. आणि या गाडीचं आपल्या शहराला जरा जास्तच कौतुक. स्कोडाने २००१ मध्ये भारतात काम सुरू केलं ते आपल्याजवळच्या शेंद्र्यात, ऑक्टाव्हियाच्या जुळणीने. आरएसच्या बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन: १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ५७०० आरपीएमला १५० पीएस (म्हणजेच घोडे), आणि १७५० पासून ४६०० पर्यंत सपाट २१० न्यूटन मीटर टॉर्क.

एवढ्या माहितीतूनच बरंच कळतं. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, पीएस मिळतात. ४६०० ला २१० न्यूटन मीटर म्हणजे साधारण १३७ पीएस. आता उलटं करा: ५७०० ला १५० पीएस म्हणजे टॉर्क १८५ वर आलेला. वर जाताना टॉर्क पडतो, कारण छोट्या के०३ टर्बोला तिथे दम लागतो. म्हणूनच या गाडीत रीमॅपची खरी मजा मधल्या आरपीएमला आहे. ३००० ला २१० चे २८० न्यूटन मीटर झाले तर तिथे ९० पीएसचे १२० होतात. शिऊरच्या चढावर ट्रकला मागे टाकताना हेच ३० कामाला येतात. वरचा आकडा मात्र त्या मानाने कमीच वाढतो.

आता मुख्य हिशोब. इंजिन ताकद देतं ते आत गेलेल्या हवेच्या वजनावर. पेट्रोल त्या हवेच्या मागोमाग येतं. तेव्हा सेकंदाला किती ग्रॅम हवा जाते, एवढंच काढायचं.

१.७८१ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ५७०० आरपीएमला सेकंदाला ८४.६ लिटर. या लिटरचं वजन दाबावर आणि तापमानावर ठरतं: मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) पूर्ण दाब बारमध्ये घ्या, ३४८.४ ने गुणा, आणि तापमान अधिक २७३ ने भागा. वरच्या आरपीएमला पूर्ण दाब १.४ बार आणि इंटरकूलरनंतरची (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरची) हवा ५० अंश धरली तर लिटरला १.५१ ग्रॅम. सिलिंडर काही पुरेपूर भरत नाही, ०.९२ धरा. ८४.६ गुणिले १.५१ गुणिले ०.९२, म्हणजे ११७.५ ग्रॅम. ग्रॅमला ०.८ ने भागलं की क्रँकवरचे पीएस मिळतात. या इंजिनवाल्यांचा हा जुना ठोकताळा आहे. आले १४७. कंपनीचे १५०. म्हणजे मांडणी बरोबर बसली. ही पायरी कधीच गाळू नका. जो हिशोब मूळ गाडीचा आकडा देऊ शकत नाही, तो बदललेल्या गाडीचा काय देणार?

रीमॅपवाला म्हणतो, वरपर्यंत १.७ बार पूर्ण दाब टिकवतो. ठीक आहे. तापमान तेच ५० ठेवून १४२.७ ग्रॅम, म्हणजे १७८ पीएस. डाउनपाइपने मागचा दाब कमी होतो, ०.९२ चं ०.९५ करा, १८४. ओपन फिल्टरला मी शून्य देतो. मूळचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, आणि तुम्ही तो काढून बॉनेटखालची तापलेली हवा घेणार. आवाज छान येतो, त्याचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. टर्बोच्या पुढचं डाउनपाइप मोकळं झाल्यावर मागच्या मफलरने फार फरक पडत नाही, तोही शून्यच धरा.

भाच्याचे २३५ झाले १८४. आणि हेही जानेवारीचे.

मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२ अंश असतात. या गाडीचा इंटरकूलर छोटा, पुढच्या कोपऱ्यात चाकाजवळ कोंबलेला. सलग दोन-तीन वेळा दाबून चालवली की आतली हवा ७५ अंशांवर जायला वेळ लागत नाही. त्याच १.७ बारला, डाउनपाइपशिवाय, १३२.५ ग्रॅम, १७८ चे १६६ झाले. वर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, त्याचे वेगळे जातात. मला विचाराल तर पहिला पैसा पुढे ग्रिलमागे बसणाऱ्या मोठ्या इंटरकूलरवर घाला. त्याची जाहिरात कोणी ‘इतके एचपी वाढतील’ म्हणून करत नाही, पण मराठवाड्यात तोच उन्हाळ्यातले घोडे परत आणतो. आणि आकडा लिहाल तेव्हा शेजारी तापमान लिहा. नुसतं ‘१८०’ म्हणजे अर्धी माहिती.

हे सगळं कागदावर झालं. गाडीतून खरे आकडे काढायला व्हीसीडीएसची (ईसीयूमधले आकडे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल आणि लॅपटॉप पुरतो. इंजिनच्या मेझरिंग ब्लॉकमध्ये गट ००३ मध्ये हवा ग्रॅम प्रति सेकंद दिसते, ११५ मध्ये ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट (टर्बोचा दाब), ०२० मध्ये चारही सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग.

११५ वाचताना इथे एक गोष्ट बघा. तो दाब पूर्ण दाब असतो, मिलीबारमध्ये. १६५० दिसलं म्हणजे १.६५ बार बूस्ट नव्हे. बाहेरचा दाब वजा करायचा. पुस्तकात १०००-१०१३ लिहिलेलं असतं, पण आपलं संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटरवर. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू करून तोच गट उघडा: साधारण ९५० च्या आसपास दिसेल. तोच तुमचा शून्य. मुंबईच्या माणसाने सांगितलेला ‘०.७ बार’ इथे १६५० होतो, तिथे १७१०. उंचीमुळे टर्बोला तोच पूर्ण दाब गाठायला जास्त फिरावं लागतं, म्हणजे हवा आणखी तापते. पुणंही जवळपास आपल्याच उंचीवर, त्यामुळे तिथल्या डायनोचा (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा आपल्याला लागू पडतो. मात्र डायनोवाल्याकडून हवामानाचा गुणक लावलेला आणि न लावलेला, दोन्ही आकडे घ्या. तो गुणक मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांसाठीचा. टर्बो गाडीला तो फुकटचे घोडे बहाल करतो.

मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांत फरक दिसला तर रीमॅप विसरा, आधी गळती शोधा. वीस वर्षांच्या गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय काढल्यावर दाब सोडणाऱ्या झडपेचा) रबरी पडदा फाटलेला असतो, व्हॅक्यूमच्या नळ्या बिस्किटासारख्या तुटतात, क्लॅम्प ढिले असतात. आमचे मिस्त्री साबणाचं पाणी मारतात आणि पाइपात थोडी हवा भरून बुडबुडे बघतात. पुष्कळदा नुसत्या या दुरुस्तीने ‘वाढलेले’ घोडे म्हणजे हरवलेलेच परत आलेले असतात. ते नव्या पार्टच्या खात्यात टाकू नका.

मग पेट्रोल पुरतं का ते बघायचं. १४२.७ ग्रॅम हवेला बाराच्या मिश्रणाने (बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल) सेकंदाला ११.९ ग्रॅम पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे २४१ सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणजे इंजेक्टर २८४ सीसीचा लागतो. तुमच्या इंजेक्टरचा पार्ट नंबर काढून त्याचं माप बघा. पण हा हिशोब जुन्या पेट्रोलचा. आता पंपावर ई२० मिळतं. त्यात इथेनॉल २० टक्के, त्यामुळे तेवढ्याच हवेला साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. २८४ चे झाले ३०६. सावकाश चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून जुळवून घेतो, पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) राहू शकतं, आणि टर्बो इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला धोका. रीमॅप करणाऱ्याला ‘ई२० धरून करा’ हे स्पष्ट सांगा. ई२० ला नॉकिंगचा त्रास कमी, हा त्यातला फायदा. जुन्या रबरी नळ्या मात्र आधी तपासून घ्या.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकणारं डाउनपाइप पीयूसीलाही अडकतं आणि विम्यालाही. मी कॅट असलेलंच घ्या म्हणतो.

शेवटी रस्त्यावर पडताळणी. त्याला ताशी १२० किलोमीटरची गरज नाही. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी तुमच्यासकट वजन करून घ्या. समजा १४५० किलो. सपाट, रिकामा रस्ता, सकाळची वेळ. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांचा भरवसा नाही, तेव्हा दिवस उजाडल्यावरच. सेकंड गिअरमध्ये ६० ते ९० ला लागलेला वेळ घ्या, जीपीएसवरून, स्पीडोमीटरवरून नाही, तो पुढे पळतो. ९० चा वर्ग वजा ६० चा वर्ग, ४५००. त्याला १४५० ने गुणा, २५.९२ ने भागा: सुमारे २,५१,७०० ज्यूल. ३.२ सेकंद लागले तर ७८.७ किलोवॅट. वारा आणि टायरचे ७ मिळवा, ८५.७. घोड्यांत म्हणाल तर ०.७३५५ ने भागून चाकावर ११६ पीएस, आणि गिअरबॉक्समधले १३ टक्के परत घेतले तर क्रँकवर १३४.

हे १३४ म्हणजे साधारण ३९०० ते ५८०० आरपीएममधली सरासरी आहे, शिखर नाही. मूळ गाडीची याच पट्ट्यातली सरासरी जवळपास तेवढीच येते, म्हणून घाबरू नका. दोन्ही दिशांना चालवून वेळेची सरासरी काढा, तेवढंच पेट्रोल आणि तोच माणूस गाडीत ठेवा, आणि काम झाल्यावर तशाच तापमानाला पुन्हा मोजा. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर पार्टने काही केलं असं धरू नका; तेवढा फरक तर वाऱ्यानेही पडतो.