अग्वादितोची खिचडी होऊ नये म्हणून

अग्वादितो म्हणजे पेरू देशातलं कोथिंबिरीचं हिरवंगार चिकन सूप. तिथल्या राजधानीत, लिमात, रात्रभर पार्टी झाली की पहाटे हेच वाढतात. यात तांदूळ असतो, आणि तो मेला सगळा रस्सा पिऊन टाकायचा. तासाभरात पातेल्यात गिचका. आता लिटरभर रश्शाला मूठभरच तांदूळ, तोही जेवायच्या वीस मिनिटं आधी. थोडा रस्सा बाजूला काढून ठेवते, लागेल तसा गरम करून ओतायला.

कोथिंबिरीचं वाटण कांदा-लसणावर कच्चट वास जाईपर्यंत परतायचंच. रंग काळपटतो खरा, म्हणून चमचाभर कच्चं वाटण गॅस बंद केल्यावर घालते. तिकडची आही आमारियो मिरची मिळाली नाही, तर पिवळी ढोबळी आणि एक तिखट हिरवी मिरची. चव तशीच येत नाही, पण चालतं. वरून लिंबू पिळायचं.