हात नीट धुतले का, ते हळदीला विचारा

चहाच्या एका चमच्याएवढ्या खोबरेल तेलात पाव चमचा हळद कालवा आणि ते दोन्ही हातांना चोळा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, हाताची पाठ, काही सोडू नका. मिनिटभरात धुवायला घ्या. जास्त ठेवलं तर कातडीच पिवळी होते आणि चाचणी फसते. धुवायचे नेहमीसारखेच, पण डोळे मिटून. पिवळं दिसलं की आपण नेमके तिथेच घासत बसतो.

मग पांढऱ्या फडक्याने टिपा. हाताला फिकट झाक राहिली तर ती हळदीचा रंग आहे. फडक्यावर तेलकट पिवळं उमटलं, तर ती जागा राहिली. बहुतेकांची अंगठ्याची मुळं, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा राहतात. तळवे मात्र चकचकीत!

साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. घासल्यावर तेल बारीक थेंबांत सुटतं आणि पाण्याबरोबर जातं. त्यामुळे हात ओले केले की नळ बंद करा, साबण लावून २० सेकंद घासा आणि मगच पाणी सोडा. चालू नळाखाली घासलं तर फेस काम करण्याआधीच मोरीत जातो. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं तळव्यावर घासा.

साध्या वडीचा साबण असेल तर हळद लालसर होईल. घाबरू नका. हा साबण अल्कधर्मी असतो, आणि अल्कलीत हळदीतलं कर्क्युमिन रंग बदलतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. बाटलीतल्या बऱ्याच हँडवॉशने रंग पालटत नाही, म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाहीत.

बोअरच्या जड पाण्यात फेसच धरत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरा साका करतात. तिथे साबण दोनदा लावा, किंवा हँडवॉश वापरा.

हीच चाचणी सॅनिटायझरने केली तर पिवळं नुसतं पसरतं. अल्कोहोल किमान ६० टक्के असलं, तरी मळ हातावरच राहतो. तेलकट, मातकट हातांना साबणच हवा.

फडक्याचा डाग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. उजेडाने कर्क्युमिन फिकं पडतं.