रात्रीच सीसीटीव्ही कॅमेरा बंद पडतो? केबल टाकताना या चुका टाळा

दिवसभर चित्र स्वच्छ. अंधार पडला की कॅमेरा बंद, मिनिटभराने चालू, पुन्हा बंद. सोसायट्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. लोक कॅमेरा बदलतात, नवाही तसाच वागतो. अंधारात आयआर एलईडी, म्हणजे रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यात असलेले अदृश्य प्रकाशाचे दिवे, पेटले की कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि तेवढं व्होल्टेज केबलमध्येच खर्च होतं.

कॅट ५ई, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्यांच्या नेटवर्क केबलच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ९.४ ओम असतो. कॅमेरा ६० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सव्वाअकरा ओम झाले. ॲनालॉग कॅमेरा रात्री ०.४ अँपिअर घेत असेल, तर १२ पैकी साडेचार व्होल्ट वाटेतच गेले. साडेसात व्होल्टवर तो बिचारा काय चालणार? बलून (व्हिडिओ पिळाच्या तारांवरून पाठवणारा छोटा जोड) लावून एका जोडीवर व्हिडिओ, एका जोडीवर पॉवर आणि उरलेल्या दोन जोड्या कापून मोकळ्या सोडणं, ही चूक मी अजूनही पाहतो. व्हिडिओची सोडून बाकी तिन्ही जोड्या पॉवरला लावा. प्रत्येक जोडीची एक तार प्लसला, दुसरी मायनसला. मग घट दीड व्होल्टवर येते. व्हिडिओसाठी मात्र एकाच जोडीच्या दोन तारा हव्यात, केशरी आणि पांढरी-केशरी अशा. वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा घेतल्या की पीळ मोडतो आणि चित्रावर रेघा येतात.

आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्याला पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणारी पॉवर, ४८ व्होल्टच्या आसपास मिळते, त्यामुळे करंट कमी आणि घटही कमी. तिथे चूक होते ती ही पॉवर देणारा नेटवर्क स्विच घेताना. आठ पोर्ट आहेत म्हणून आठ कॅमेरे जोडतात, पण स्विच देऊ शकतो ती एकूण पॉवर ६० वॉट आणि रात्री प्रत्येकाला १० वॉट लागतात. ८० कुठून येणार? काही पोर्ट बंद पडतात. खोक्यावर पोर्टची संख्या नव्हे, एकूण वॉट वाचा. फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्याला बऱ्याचदा १५.४ वॉटचा ‘एएफ’ पोर्ट पुरत नाही, ३० वॉटचा ‘एटी’ लागतो.

केबलच्या स्वस्त बंडलबद्दल मी कळकळीने सांगतो: तार ब्लेडने हलकेच खरवडून बघा. तांब्याखाली चांदीसारखा रंग दिसला तर ती सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वर क्रिम्पिंग करताना, म्हणजे जॅक दाबून बसवताना, तुटते. वरचा सगळा हिशेब तिथे कोलमडतो. ती घेऊच नका.

नेटवर्क केबलला जॅक मारताना रंग ओळीने, म्हणजे एकेक जोडी शेजारी-शेजारी लावली तर साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो, पण जॅकच्या ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनवरच्या तारा एका जोडीतल्या राहत नाहीत आणि लांब केबलवर चित्र अडखळतं. ५६८बी हा रंगांचा प्रमाणित क्रम पाळा. पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या पुढे जाऊ नका. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, नाहीतर विजेच्या एका कडकडाटात दोन्हीकडचे स्विच जाऊ शकतात. बाहेरच्या कॅमेऱ्याचा जॅक डब्यात ठेवा आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जाईल.

ॲनालॉग कॅमेऱ्याची तपासणी करताना मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा जोडलेला असताना आणि आयआर पेटलेले असताना लावा. दुपारी करायची असेल तर लेन्सशेजारचा सेन्सर बोटाने झाका. कॅमेरा काढून मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात.