वाळलेल्या देठांवरील सूक्ष्म पेला-बुरशी कशी ओळखावी

पावसाळी हवेत वाळलेल्या देठांवर उगवणाऱ्या या पेल्याच्या आकाराच्या बुरश्या बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे नजर थेट पेल्याकडे जाते. पण आधी देठ कोणत्या वनस्पतीचा आहे ते नोंदवावे, कारण कित्येक जाती ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत स्टिंगिंग नेटल या अंगाला लागताच आग करणाऱ्या वनस्पतीच्या गतवर्षीच्या देठांवर नारिंगी, बुळबुळीत ठिपके आढळल्यास ‘कॅलोरिया निग्लेक्टा’ हे नाव प्रथम तपासावे. मात्र याच बुरशीची अलैंगिक अवस्थाही तशाच नारिंगी गोळ्यांच्या रूपात शेजारी वाढते आणि तिच्यात पेला नसतो.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पेल्याची कड आणि बाहेरची बाजू पाहावी. बाहेरून केसाळ पेला ‘लॅक्नम’ किंवा त्याच्या नातलग वंशांतला असू शकतो. तुळतुळीत, दांडी असलेला ‘हायमेनोस्किफस’कडे बोट दाखवतो, तर राखाडी, बिनदांडीचा आणि देठाला चिकटून बसलेला ‘मॉलिसिया’कडे. कडेला मुकुटासारखे दात असतील, तर ‘सायथिक्युला कोरोनाटा’चा विचार करावा. सुकलेला पेला मिटून घेतो, म्हणून निरीक्षणापूर्वी देठ थोडा ओलावावा.

केसाळ पांढऱ्या पेल्यांबाबत घाई नको. ‘लॅकनेला’ हा वंश भिंगातून अगदी तसाच दिसतो, पण तो मशरूमच्या गटातला आहे: त्याचे बीजाणू वरच्या पेला-बुरश्यांसारखे सूक्ष्म पिशवीत नव्हे, तर पेशीच्या टोकाबाहेर तयार होतात. हा भेद सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पेल्याचा ताजा काप प्रथम साध्या पाण्यातच पाहावा, आणि माझ्या मते नवशिक्याकडून सर्वाधिक वगळली जाणारी पायरी हीच असते. ‘मॉलिसिया’च्या बीजाणुपिशव्यांच्या अधेमधे असलेल्या वंध्य तंतूंत चमकदार द्रवगोल असतात, ते पेशी मेल्यावर नाहीसे होतात, बीजाणूंमधील तेलाचे थेंबही जिवंत स्थितीतच विश्वासार्ह दिसतात. पाण्यातील निरीक्षण संपल्यावर लुगॉलचे आयोडीन द्रावण सोडून पिशवीचे टोक निळे होते का ते पाहावे, आणि वेगळ्या कापावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकावे, कारण अनेक ‘मॉलिसिया’ जातींत त्याने पिवळा रंग उतरतो. मोजमापासाठी पिशवीबाहेर पडलेले पक्व बीजाणू निवडावेत.

सह्याद्रीतील देठांवर हीच पद्धत चालते. मात्र युरोपीय पुस्तकातले जातीचे नाव इथल्या नमुन्यावर चिकटवण्यापेक्षा वंशापाशी थांबणे बरे. नमुना देठासकट वाळवून कागदी पाकिटात ठेवावा व त्यावर वनस्पती, ठिकाण आणि तारीख लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यावर दुसरीच बुरशी माजते.