घरी रेकॉर्ड केलेलं गाणं संपवायचं कसं

चाल पक्की आहे, ठेका ठरलाय, आवाजही भरून झालाय, तरी गाणं सहा महिने लॅपटॉपवर लोळतंय. अशा गाण्यात सहसा काही बिघडलेलं नसतं. त्यातलं सगळंच अजून बदलता येतं, एवढंच. ही सोयच बंद करायची.

१. तारीख ठरवा. ज्याला गाणं पाठवणार, त्याला ती आजच सांगा.

२. ध्रुवपद, दोन अंतरे, मधले म्युझिक पीस. यापुढे नवं वाद्य नाही. बासरी राहिली असेल तर पुढच्या गाण्यात.

३. एका ओळीचे चारच टेक (गाऊन भरलेले प्रयत्न) घ्या आणि निवड त्याच दिवशी करा. शब्दाशब्दाला वेगळा टेक चिकटवला की मधला श्वास नाहीसा होतो. पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप जागेवर आणणारी सोय, सरसकट लावू नका, मींडेच्या (सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या) पायऱ्या होतात. घसरला असेल तेवढाच सूर हाताने उचला. ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळी एका बाजूला तीनेक मिनिटं मिळायची आणि जोडकामाची सोयच नव्हती. ती गाणी आपण अजून ऐकतोच की.

४. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा आपसातला तोल. गाणी अडकतात ती इथेच.

सॉफ्टवेअरमधली सगळी वाद्यं आधी २४ बिट वेव्ह (WAV) फायलींत उतरवा आणि नव्या प्रोजेक्टमध्ये फक्त त्या फायली घ्या. जुना प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर टाकून कपाटात. तो हाताशी राहिला तर रात्री अकराला तुम्ही तानपुऱ्याचा आवाज बदलत बसणार, हे नक्की.

मग एकही प्लगइन (आवाजावर परिणाम करणारं जोड-सॉफ्टवेअर) न लावता नुसत्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर) तोल साधा: आधी गळा, मग तबला, मग बाकीचे. अर्धा तास पुरे. हे मिक्स जपून ठेवा. पुढचं प्रत्येक मिक्स याच्याशी ताडून पाहा, पण दोन्हींचा आवाज सारखा करून. मोठ्याने वाजणारं मिक्स नेहमीच जास्त चांगलं वाटतं आणि हमखास फसवतं.

आता फोन, इअरफोन, गाडी. प्रत्येकावर एकदा, न थांबवता, माउसला हात न लावता ऐका. कागदावर वेळ आणि नेमकं काय खटकलं ते लिहा: ‘१:१२, “पाऊस”मधला “स” टोचतो.’ ‘जरा ऊब हवी’ असलं काही लिहिलंत तर खोडा, ते कधीच दुरुस्त होत नाही. फोनवर डग्गा ऐकू येत नाही म्हणून वाढवू नका. तो छोटा स्पीकर इतका खालचा आवाज वाजवूच शकत नाही, आणि वाढवलेला डग्गा गाडीत काचा हलवतो.

तासाभराने कान थकतात, वरचे सूर बोथट वाटतात, म्हणून तुम्ही ट्रेबल चढवता आणि सकाळी गाणं टोचतं. त्यामुळे बोलणं ऐकू येईल इतक्याच आवाजात काम करा आणि तासाला थांबा. ऐकणं, लिहिणं आणि दुरुस्ती, अशा फेऱ्या तीनच. काल वर नेलेला फेडर आज खाली आणताय? मग दुसऱ्याच फेरीत थांबा.

५. मास्टर, म्हणजे पाठवायची शेवटची फाइल: लिमिटरची (आवाजाला वरची मर्यादा घालणाऱ्या प्लगइनची) कमाल पातळी −१ डीबी, लाउडनेस −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायच्या एककाच्या) आसपास. त्याहून मोठं केलंत तरी स्पॉटिफाय आणि यूट्यूब ते खालीच आणतात.

६. तयार फाइल एकदा शेवटपर्यंत ऐका, विशेषतः शेवटच्या समेनंतर. रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी तुटते ती तिथेच. तुटली असेल तर चार सेकंद वाढवून पुन्हा काढा आणि पाठवा. त्यानंतर सापडलेली चूक पुढच्या गाण्याच्या कागदावर जाते.